गाडीचा धूर आणि चालकाचा पाय

आपल्या गावातून संध्याकाळी भाजीचा टेम्पो निघतो. टोमॅटोचे क्रेट, कोबीच्या गोण्या, मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या रचल्या जातात, ताडपत्री पडते, दोर आवळले जातात. कोणी तरी म्हातारा माणूस ओट्यावरून ओरडतो, "सांभाळून जा रे बाबा, पण वेळेत पोच!" आणि गाडी वळणाआड दिसेनाशी होते. पुढे हिशेबाची पट्टी हातात पडेपर्यंत आपल्याला त्या गाडीची आठवण राहत नाही. पट्टीवर वजन असते, भाव असतो. हमाली, तोलाई, भाडे हे सारे लिहिलेले असते. एक गोष्ट मात्र तीत कधीच लिहिलेली नसते. आपला माल शहरात पोचवताना गाडीने किती धूर सोडला, आणि त्यातला किती विनाकारण सोडला, ही ती गोष्ट. आज मला तिच्याविषयी बोलावयाचे आहे.

"शहरातला धूर शहरवाल्यांनी बघावा, आम्हांला त्याचे काय?" असे आपल्या मनात आले असेल. प्रश्न वावगा नाही. पण शहरात माल घेऊन येणाऱ्या गाड्यांवर बसलेली माणसे कोठली असतात? पुष्कळशी खेड्यांतलीच. कोणाचा मुलगा, कोणाचा भाचा, कोणाचा जावई. त्या धुराचा पहिला वाटेकरी तो चालक, दुसरा त्याचा क्लीनर, आणि तिसरा मागच्या फळीशी उभा राहून माल उतरवणारा हमाल. शहरातल्या माणसाचा नंबर त्यानंतर लागतो. शिवाय फुकट जळालेल्या डिझेलचे पैसे कोणी देवाच्या नावाने सोडून देत नाही. ते भाड्यात धरलेले असतात, आणि ते भाडे आपल्याच पट्टीतून वजा होते.

मी यंत्रशास्त्राचा माणूस नव्हे. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. या विषयाकडे वळलो तो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. बी.ए. झाल्यावर दोन वर्षे त्याने नोकरी शोधली, आणि शेवटी कर्ज काढून टेम्पो घेतला. आमच्या तालुक्यातला भाजीपाला तो शहराच्या घाऊक बाजारात नेतो. एकदा भेटला तेव्हा म्हणाला, "सर, अर्थशास्त्र शिकलो, पण एक कोडं काही सुटत नाही. गाडी तीच, रस्ता तोच, माल तेवढाच. मी चालवली की डिझेल कमी लागतं, चुलतभावानं चालवली की जास्त. तो म्हणतो, पंपवाला मापात मारतो. आता पंपवाला काय माणूस बघून मापात मारतो?"

मी म्हटले, "एकदा त्याच्याबरोबर आणि एकदा तुझ्याबरोबर मला घेऊन चला. पाहू तरी."

पहिल्या खेपेला चुलतभाऊ गाडीवर होता. पोरगा हुशार, हात सफाईचा, रस्त्याची माहिती तोंडपाठ. त्याने गाडी चालू केली आणि चांगली दहा मिनिटे तशीच गुरगुरत ठेवली. का, तर "इंजिन तापलं पाहिजे, सर." निघताना दोनदा जोरात रेस दिली. मागे काळा ढग उठला, आणि दारात निरोप द्यायला उभी असलेली त्याचीच आई तोंडाला पदर लावून मागे सरली. हमरस्त्याचे मी सांगत बसत नाही. खरी मौज शहरात शिरल्यावर. पुढच्या चौकातला दिवा लांबून लाल दिसतो आहे, तरी हा पाय दाबून थेट दिव्यापर्यंत जाई आणि कचकन ब्रेक मारी. मागचे क्रेट एकमेकांवर आदळत. दिवा हिरवा झाला की पाय पुन्हा तळाला. मी विचारले, "अरे, दिवा लाल आहे हे दिसत होतं ना?" तो म्हणाला, "दिसत होतं की! पण हळू गेलो असतो तर बाजूचा मधे घुसला असता."

पंधरा दिवसांनी मी माझ्या विद्यार्थ्याबरोबर बसलो. त्याची नजर पुढच्या गाडीच्या पाठीवर नसे. तिच्याही पुढच्या तिसऱ्या-चौथ्या गाडीवर असे. लांबून लाल दिवा दिसला की तो पाय उचलून घेई आणि गाडी गिअरमध्येच आपसूक मंदावत जाऊ देई. कित्येकदा चौकात पोचेपर्यंत दिवा हिरवा झालेला असे आणि गाडी पुरती थांबावीच लागत नसे. गिअर तो लवकर बदली. ट्रकच्या आणि मोठ्या टेम्पोच्या पुढच्या तबकड्यांत इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारी एक तबकडी असते, आणि तीवर पुष्कळदा हिरवा पट्टा रंगवलेला असतो. काटा त्या पट्ट्यात राहिला की इंजिन आपले काम कमीत कमी डिझेलमध्ये करते. चुलतभावाला तो पट्टा शोभेसाठी आहे असे वाटत असावे. दोघांच्या वेळेत फरक पडला तो सात-आठ मिनिटांचा. आणि त्यानंतर बाजाराच्या दाराशी दोन तासांवर उभे राहावे लागले, ती गोष्ट निराळी. तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

आता हा काळा धूर होतो कसा? आपल्यांतल्या वडीलधाऱ्यांनी कंदील वापरलेला आहे. वात बेताची ठेवली तर ज्योत स्थिर आणि काच स्वच्छ. वात एकदम वर केली की उजेड क्षणभर वाढतो आणि काच काजळून जाते. तेल जास्त आले, पण ते जाळायला लागणारी हवा तेवढीच राहिली. डिझेल इंजिनात नेमके हेच घडते. पाय एकदम तळाला गेला की पंप तत्काळ जास्त डिझेल सोडतो. हवा मात्र तत्काळ वाढत नाही. इंजिनात हवा कोंबणारा टर्बो नावाचा पंखा असतो. तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंच्याच जोरावर फिरतो, आणि त्याला वेग घ्यायला क्षण-दोन क्षण लागतात. तेवढ्या अवधीत अर्धवट जळालेल्या डिझेलची काजळी होते. नव्या गाड्यांत एक छोटा संगणक डिझेलला आवर घालतो. जुन्या गाडीत आवर घालणारा चालकाच्या पायाखेरीज दुसरा कोणी नाही. एअर फिल्टर धुळीने भरला असेल तर हवा आणखीच तोकडी पडते, आणि आपल्या कच्च्या रस्त्यांवर तो भरायला वेळ लागत नाही.

या काजळीचे कण फार बारीक असतात. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन. काजळीचे बहुतेक कण एका मायक्रॉनहूनही लहान. धुळीचा मोठा कण नाकातल्या केसांत अडकतो, शिंकेबरोबर बाहेर पडतो. हा कण अडकत नाही. तो थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातला. तंबाखू त्याच वर्गात आहे. आणि धूर दिसत नाही म्हणजे हवा शुद्ध, असेही समजू नये. इंजिनातल्या प्रखर उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन आणि प्राणवायू यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. ती मागून दिसत नाहीत, पण दम्याच्या माणसाला ती बरोबर ओळखतात.

शिक्षकमंडळींना येथे एक हिशेब सुचवतो. आठवी-नववीच्या मुलांना फळ्यावर करून दाखवण्यासारखा आहे. गाडी आणि माल मिळून वजन सहा टन धरा, म्हणजे ६,००० किलो. वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. गतिज ऊर्जेच्या सूत्राने, म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले दोन, उत्तर येते ३ लाख ज्यूल. चालकाने ब्रेक मारला की ही सगळी ऊर्जा ब्रेक तापवण्यात जाते. परत मिळत नाही. पुन्हा तोच वेग घ्यायला तेवढी ऊर्जा डिझेलमधून काढावी लागते. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे ३ कोटी ६० लाख ज्यूल असतात, पण चाकांपर्यंत त्यांतले तीस टक्के धरा, म्हणजे १ कोटी ८ लाख. भागाकार केला की एका थांबण्याचे मोल येते लिटरचा छत्तिसावा भाग, सुमारे २८ मिलिलिटर. चहाचे पाच-साडेपाच चमचे. शहरात एका खेपेला चाळीस वेळा विनाकारण कचकन थांबलो तर लिटरभर डिझेल नुसते ब्रेक तापवण्यात गेले. आता वेग दुप्पट करा, ताशी ७२ किलोमीटर. ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते, आणि एका ब्रेकला ११० मिलिलिटर जातात. चहाचा एक भरलेला कप. चौकात थांबावे लागते हे खरेच; मी म्हणतो ते टाळता येण्याजोग्या थांबण्याविषयी.

मुलांना आणखी एक कोडे घालता येईल. लिटरभर डिझेलचे वजन किलोपेक्षाही कमी, तरी ते जाळल्यावर कार्बन डायऑक्साइड मात्र सुमारे २.६ किलो निघतो. हे कसे? उत्तर असे की वजनाची भर हवेतला प्राणवायू घालतो. कार्बनचा अणुभार १२. त्याला १६ भाराचे प्राणवायूचे दोन अणू चिकटले की ४४ होतात. बाराचे चव्वेचाळीस! सावकारी व्याजसुद्धा इतके चढत नाही.

आता बाजाराच्या दाराकडे. कोणत्या शहराचा बाजार ते सांगण्याचे कारण नाही. सगळीकडे कमीजास्त हेच दृश्य आहे. हिवाळ्याची रात्र, दीडचा सुमार. दारापासून मागे गाड्यांची रांग लागलेली, आमच्या पुढे साठ-सत्तर तरी असतील. आणि एकूण एक गाडी चालू. रांग दर पाच-सात मिनिटांनी दोन गाड्यांइतकी पुढे सरके, मग पुन्हा जागच्या जागी घरघर. चहावाला पोऱ्या दोन गाड्यांच्या मधून किटली घेऊन हिंडत होता, त्याच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर सगळ्यांची धुराडी. आपल्या गावात थंडीच्या संध्याकाळी चुलींचा धूर वर न जाता घरांच्या पाख्यांवर आडवा पसरून राहतो, हे आपण पाहिलेले आहे. जमिनीलगतची हवा गार व जड होते, वरची त्या मानाने उबदार राहते, आणि धुराला जणू झाकण बसते. भाजीचा बाजार नेमका त्याच वेळी भरतो. दुपारी उन्हात जो धूर वर चढून विरला असता तो पहाटेपर्यंत माणसांच्या उंचीवर तरंगत राहतो.

मी चुलतभावाला विचारले होते, "गाडी बंद का करीत नाहीस?"

"बॅटरी उतरलीय सर. बंद केली आणि सेल्फला लागली नाही तर मागचे सगळे शिव्या घालतील. धक्का मारायला तुम्ही उतरणार का?"

या उत्तरावर मी गप्प झालो. श्रोतेहो, शहाण्या माणसाने असल्या प्रसंगी गप्पच व्हावे. कारण चालकाच्या ज्या सवयीला आपण आडमुठेपणा म्हणतो, तिच्या मागे पुष्कळदा असले साधे कारण असते. जुनी बॅटरी, कमजोर स्टार्टर, आणि ते बदलायला पैसे नाहीत. मोठ्या ट्रकचे इंजिन नुसते उभ्याने चालू ठेवले तर तासाला दोन-तीन लिटर डिझेल जाते. लहान टेम्पोला अर्धा ते एक लिटर धरा. रोज दीड-दोन तास असे धरले तर नव्या बॅटरीचे पैसे थोड्याच महिन्यांत धुराड्यातून बाहेर पडलेले असतात. पण हा हिशेब कोणी मांडून दाखवला तर ना! मिनिटाहून जास्त थांबायचे असेल तर इंजिन बंद करणे केव्हाही फायद्याचे.

अपवाद सांगितले पाहिजेत, नाही तर चालकमंडळी म्हणतील की पुस्तकी माणूस बोलतो आहे. हवेच्या ब्रेकची गाडी असेल तर निघण्यापूर्वी टाकीत हवेचा दाब भरेपर्यंत इंजिन चालू ठेवावेच लागते. घाट चढून आल्यावर टर्बो तापलेला असतो. तेव्हा मिनिटभर इंजिन मंद चालू ठेवून मग बंद करावे, हेही बरोबर. पण घरासमोर दहा मिनिटे "तापवत" ठेवण्याची चाल जुन्या इंजिनांच्या काळातली आहे. आजचे इंजिन अर्ध्या मिनिटात निघायला तयार होते आणि हळू चालवले म्हणजे रस्त्यावरच चांगले तापते.

दुसरी एक समजूत याहून वाईट आहे, कारण तिच्यात जीव जातो. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची; म्हणे डिझेल वाचते. आजच्या गाडीत हे साफ खोटे आहे. गाडी गिअरमध्ये असून पाय उचलला की चाकेच इंजिनाला फिरवतात आणि डिझेलचा पुरवठा बंद होतो. न्यूट्रल केली की इंजिन बंद पडू नये म्हणून डिझेल जाळावे लागते. म्हणजे वाचत तर नाहीच, उलट जाते. आणि इंजिनाचा आवर सुटल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक ऐन वेळी लागत नाहीत. पुण्याला कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या लांब उतारावर मालट्रकांचे किती अपघात झाले, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना सांगायला नको. ब्रेक झिजून जी बारीक धूळ उडते तीही हवेतच मिसळते, ती निराळीच.

काही जण म्हणतात, "आता नव्या गाड्या आल्या, हा प्रश्न आपोआप सुटेल." अर्धे खरे आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा हे कडक मानक लागू झाले. डिझेलमधले गंधकही दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आले. नव्या ट्रकच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर उतारा म्हणून युरियाचे पाणी फवारले जाते. होय, युरियाच, शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के. त्या योगाने त्या विषारी वायूचा साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ होते. मात्र हा युरिया फार शुद्ध लागतो. आपला शेतातला युरिया २०१५ पासून निंबोळी तेल चोळलेला येतो; तो बादलीत कालवून टाकीत ओतणारे काही महाभाग आहेत. असे केल्याने हजारो रुपयांचे यंत्र खराब होते, आणि हक्काचे खत पिकाला मिळायचे ते धुराड्यात जाते.

पण मुद्दा असा की हे यंत्रसुद्धा चालकाच्या हाती आहे. युरियाची क्रिया नीट होण्यासाठी धुराचे तापमान सुमारे दोनशे अंशांच्या वर जावे लागते. गाडी तास न् तास नुसती घरघरत उभी राहिली तर धूर तेवढा तापतच नाही. गाळणीत साठलेली काजळीही सलग चालण्याच्या उष्णतेत जळून जाते. थांबत-थांबत चालवले तर ती तुंबते, पुढे दिवा लागतो, आणि चालक दिव्यावर चिंधी टाकतो. गाडीला मानक मिळते ते चाचणीच्या जागेवर. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली ए.आर.ए.आय. ही संस्था हे काम करते. तिथे लहान गाडी रुळांवर चढवून, कोणत्या सेकंदाला किती वेग हवा याच्या आलेखाप्रमाणे तयार चालक ती चालवतो. आपण पी.यू.सी. काढतो तेव्हाही गाडी उभीच असते. रेस देऊन धुराचा गडदपणा तेवढा मोजतात. परीक्षा होते ती गाडीची. चालकाची परीक्षा रोज चौकाचौकात होते, आणि तिला परीक्षक नसतो.

इथपर्यंत ऐकून सगळा दोष चालकाच्या पायावर टाकावा असे कोणाला वाटेल. माझ्या शास्त्राची दृष्टी थोडी निराळी आहे. पाय दाबणारा एक, डिझेलचे पैसे देणारा दुसरा, आणि धूर पिणारा तिसराच. जिथे असे असते तिथे नासाडी ठरलेलीच. मजुरी जर खेपेवर असेल आणि रांगेत उभे राहण्याचे कोणी काही देत नसेल, तर चालकाला घाई करण्यावाचून गत्यंतर काय?

आणि ती घाई सुरू कोठे होते? रागावू नका, पण ती आपल्या बांधावर सुरू होते. टेम्पो सहाला बोलावलेला असतो. त्या वेळी अर्धा माल अजून झाडावर असतो. तोडणारी माणसे आलेली नसतात, क्रेट शेजाऱ्याकडे गेलेले असतात. भरून निघायला नऊ वाजतात. वर "आणखी चार क्रेट बसतील की" म्हणून आपण दोर सोडायला लावतो. आणि मग सांगतो, "लिलावाच्या आत पोच, नाही तर भाव जाईल." जे तीन तास आपण खाल्ले, ते चालकाने रस्त्यावरून परत मिळवायचे. ते तो कसे मिळवणार? पाय दाबून. शहरातले व्यापारीही सोवळे नाहीत. गाळ्यापुढे उतरवायला जागा नसते, म्हणून गाड्या बाजाराभोवती घिरट्या घालतात. पण त्यांना मी येथून काय सांगणार. हे भाषण ऐकणारे आपण आहात.

उपाय काही नवे शोधावयाचे नाहीत. आपल्या एस.टी.मध्ये दहा लिटरला गाडी किती किलोमीटर गेली याचा हिशेब ठेवतात. त्यामुळे आगारातल्या चालकांना आपला पाय हलका की जड हे ठाऊक असते. १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्था, म्हणजे पी.सी.आर.ए., चालकांचे वर्ग घेते. अशा शिक्षणाने इंधनात साधारण पाच ते दहा टक्के बचत होते, असा निरनिराळ्या देशांचा अनुभव आहे. मात्र नुसता एक वर्ग घेऊन भागत नाही. काही महिन्यांत पाय पुन्हा पूर्ववत् होतो, कारण चौकातले वातावरण वर्गासारखे नसते. हिशेब डोळ्यांपुढे राहिला आणि बचतीत चालकाचा वाटा असला, तरच सवय टिकते. अमेरिकेतली यूपीएस ही पार्सल वाहणारी कंपनी आपल्या गाड्यांचे मार्गच असे आखते की डावीकडे वळावे लागू नये. तिकडे वाहने उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे डावे वळण म्हणजे समोरची रहदारी संपेपर्यंत इंजिन चालू ठेवून उभे राहणे. आपल्याकडे तेच उजव्या वळणाचे. न्यूयॉर्क शहरात गाडी उभी करून तीन मिनिटांपेक्षा जास्त इंजिन चालू ठेवणे गुन्हा आहे. आणि शाळेच्या शेजारी ही मुदत एकच मिनिट. दिल्लीत २०२० साली लाल दिव्यापाशी गाडी बंद ठेवण्याची मोहीम निघाली. आपल्या शाळेच्या फाटकाशी वाळूचा किंवा भाजीचा टेम्पो घरघरत उभा असेल, तर कायद्याची वाट न बघता गुरुजींनी जाऊन "बाबा, जरा बंद कर" म्हणायला हरकत नाही. आपल्या गावात अजून गुरुजींचा शब्द ऐकतात.

विजेवर चालणाऱ्या मालरिक्षा आता शहरांत दिसू लागल्या आहेत. त्यांना धुराडेच नाही, हे उत्तम. पण शंभर-दीडशे किलोमीटरवरून रात्री माल घेऊन येणाऱ्या गाडीचे काम अजून मुख्यतः डिझेलवरच चालते, आणि तोवर आपला विषय शिळा होत नाही.

माझ्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. त्याने पहिल्याप्रथम नवी बॅटरी घेतली. चाकांतली हवा तो आता दर आठवड्याला मोजतो, कारण हवा कमी असली की गाडी चिखलातून ओढल्यासारखी जड चालते. गाडीत एक वही ठेवली आहे. तिच्यात चार रकाने: किलोमीटर, लिटर, चालवणारा कोण, आणि भरायला व उतरायला थांबलो किती वेळ. पंपवाल्यावरचा आळ त्या वहीने दोन महिन्यांत धुऊन काढला. चौथा रकाना पाहून त्याने आणखी एक युक्ती केली. जे शेतकरी ठरल्या वेळी माल तोडून, क्रेट भरून तयार ठेवतात, त्यांना तो भाड्यात थोडी सूट देतो. पहिल्या महिन्यात दोघे होते, आता बरेच झाले आहेत. वाचलेल्या डिझेलचे अर्धे पैसे चुलतभावाला मिळू लागल्यापासून त्याचा पाय बराच हलका झाला आहे. निघताना रेस देण्याची खोड अजून पुरती गेलेली नाही. पण घरासमोर मात्र देत नाही. त्याच्या आईने तशी सक्त ताकीद दिली आहे.